न पाठवलेले

कॉम्प्युटर अपग्रेड झाला की लोक मला हाक मारतात आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." एका मोठ्या ऑफिसात लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर ताळ्यावर आणायचं माझं काम आहे, त्यामुळे हे वाक्य मी चहासारखं दिवसातून चार-पाच वेळा घेते. त्या शुक्रवारी मी रजेवर होते. रविवारी घरी पाहुणे यायचे होते, गाद्यांना ऊन द्यायचं होतं, आणि नेमकी तेव्हाच आतल्या खोलीतून सासऱ्यांची हाक आली.

"सूनबाई, मी काहीच केलं नाही. मेल गेल्या."

"गेल्या म्हणजे? कुठे गेल्या?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट तपासल्या. दोर तुटला तरी डबा खाली जाता कामा नये, हे बघणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून कुठल्याही लिफ्टमध्ये शिरताना ते आधी दाराच्या वरची चौकट बघतात आणि मग माझ्याकडे बघतात, जणू ती मीच बसवली आहे. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. माझी जीभ म्हणजे उचलली की टाळ्याला लागलीच, तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, काय शांत माणूस आहे! शांत वगैरे काही नव्हते ते. ते मला त्या शुक्रवारी कळलं.

खोलीत गेले तर मेलचा प्रोग्रॅम कोराकरकरीत. "आपलं स्वागत आहे, नवीन खातं उघडा," असं लिहून आलेलं. दहा-बारा वर्षांच्या मेल, आणि त्यातच नातीचा फोटो. नाना खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. बसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"फोटो गेला का गं?"

"फोटो कुठे जातोय, नाना. बसा तुम्ही."

ही नात म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी, सात महिन्यांची. नानांनी तिला पाहिलेली नव्हती, कारण भाऊजी सहा वर्षांत या घरात आलेले नव्हते. सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हा त्यांच्याजवळ भाऊजी होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच करायला हवं, सही द्या. नाना वाटेत होते. भाऊजींनी सही केली. सासूबाई टेबलावरून परत आल्या नाहीत. नाना त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच भाऊजींना सोसलं नाही. पंधरा दिवसांत त्यांनी दुसऱ्या गावी नोकरी धरली. मग वाढदिवसाला फोन, आजारपणात फोन, तब्येत कशी आहे, बरी आहे, ठेवू का? मुलगी झाली आणि पंधरवड्यापूर्वी त्यांनी मेलवर तिचा फोटो पाठवला आणि नानांनी उत्तरात एक ओळ लिहिली, "तिला घेऊन या." म्हणून हा रविवार. घरात त्या आठवड्यात सगळं त्या एका दिवसासाठी चाललं होतं. तो दिवस नीट पार पडला तर नानांना मुलगा परत मिळणार होता. नाही पडला तर पुन्हा मिळायची शक्यता नव्हती, कारण नाना आता त्या वयाचे नाहीत.

मी कामाला लागले. नेहमीची पद्धत म्हणजे आधी नेटची वायर काढायची, मग नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं. नानांच्या मेल सर्व्हरवर राहत नाहीत, सगळ्या याच मशीनवर उतरतात. त्या एका फोल्डरमध्ये जशाच्या तशा पडल्या होत्या. नव्या आवृत्तीने जुन्या घराकडे ढुंकूनही न बघता शेजारी स्वतःचं नवं बिऱ्हाड थाटलं होतं. मी आधी त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग प्रोग्रॅमला सांगितलं की बाबा रे, नवं बंद कर, ते जुनं उघड. एकदा ऐकलं नाही, दोनदा ऐकलं नाही. तिसऱ्यांदा सगळं परत आलं. आलेल्या, पाठवलेल्या, नातीचा फोटो, तिच्या कपाळावर आलेली एक बटसुद्धा.

नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी मात्र डाव्या बाजूच्या यादीकडे बघत होते. तिथे "न पाठवलेले" असा एक फोल्डर होता, ठळक अक्षरात, आणि त्यात तीसेक मेल पडून होत्या.

"नाना, या इतक्या मेल अडकल्यात. जात नाहीत का तुमच्या?"

"अडकल्या नाहीत. मीच ठेवल्यात."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, एखाद्या यंत्राचा भाग समजावून सांगावा तसं. राग आला की ते मेल लिहितात. ज्याचा राग आला त्याला, नाव-पत्ता घालून, हातचं न राखता. मग "नंतर पाठवा" दाबतात. मेल या पेटीत पडते. कधी आठवड्याने, कधी वर्षाने राग उतरला की काढून टाकतात. नोकरीत असताना हेच ते कागदावर करायचे, साहेबांच्या नावाने, आणि कागद खणात ठेवायचे.

"पण प्रोग्रॅम उघडताना विचारत असेल ना, पाठवायच्या का म्हणून?"

"रोज विचारतो. मी रोज नाही म्हणतो. डावीकडचं बटण."

"वाचता तरी का काय विचारलंय ते?"

"त्यात वाचायचं काय? माझ्या बोटाला ठाऊक आहे."

मला आधी हसू आलं. दोरावर ज्या माणसाने आयुष्यात विश्वास ठेवला नाही, त्याने हे सगळं स्वतःच्या एका बोटावर टांगून ठेवलं होतं. मी विचारलं, "माझ्या नावाने आहेत का काही?"

"दोन आहेत. दार आपटण्याबद्दल. वाचू नकोस."

"आणि भाऊजींच्या?"

नानांनी चष्मा परत घातला. "सगळ्यात जुनी त्याची. तुझी सासू गेली त्या संध्याकाळी लिहिलेली. बाकीच्या थंड झाल्या, ती झाली नाही. म्हणजे, मी थंड झालो. डॉक्टरांनी नंतर मला समजावून सांगितलं, तो माझ्यासाठी थांबला असता तर ती माझ्या सहीपर्यंतही टिकली नसती. मला पटलं. पण ती मेल काढायला हात गेला नाही. आणि सगळ्यात नवीही त्याचीच. फोटो आला त्या दिवशी लिहिली. त्यात राग नाही, माफी मागितलीय, पण सवयीने तिथेच टाकली."

"मग ती पाठवा ना!"

"रविवारी येतोय तो. बघू."

"आणि जुनी आत्ताच्या आत्ता काढून टाका. मी काढू?"

"रविवारनंतर मी काढीन. माझी आहे, मला काढू दे."

इथे मी भांडायला हवं होतं. एरवी मी दोडक्याच्या सालीवरूनही भांडते. पण गाद्या उन्हात होत्या, वर आभाळ भरून येत होतं. मी पासवर्ड नव्याने घातला, सुरक्षेची नवी सेटिंग बदलली, वायर लावली, प्रोग्रॅम बंद केला आणि खुर्ची नानांकडे सरकवली. "उघडा आता तुम्ही स्वतः. म्हणजे पुन्हा मला हाक मारायला नको."

नानांनी प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर मधोमध चौकोन आला. "न पाठवलेले संदेश आहेत. आता पाठवायचे?" खाली दोन बटणं. नानांनी न बघता डावीकडचं दाबलं.

नव्या आवृत्तीत कुणा दीडशहाण्याने बटणांची अदलाबदल केली होती. डावीकडे "होय" होतं.

खाली कोपऱ्यात एक हिरवी पट्टी सरकू लागली. पहिला संदेश पाठवत आहे. मी "नाना!" एवढंच ओरडले आणि टेबलाखाली घुसले. डोकं कडेवर आपटलं, हाताला आधी दिव्याची वायर लागली, मग स्पीकरची, मग ती. ओढली तर भिंतीतलं सॉकेटच तुटून हातात आलं. बाहेर आले तेव्हा पट्टी थांबली होती. नाना पडद्याकडे बघत होते आणि त्यांचं बोट अजून माउसवर तसंच दाबलेलं होतं.

"थांबलं का?" त्यांनी विचारलं.

मी "पाठवलेले" उघडलं. सगळ्यात जुनी मेल आधी जाते, तशीच ती गेली होती. एकच, पण तीच.

"वाच," नाना म्हणाले. "मला शब्द आठवत नाहीत."

"नको."

"वाच म्हणतो ना."

मी वाचली. चार ओळी होत्या. "मी येईपर्यंत थांबायला तुला काय झालं होतं? तिला विचारलंस का? मला विचारलंस का? तू सही केलीस, तू तिला मारलंस." खाली "तुझा बा" असा अर्धवट सोडलेला शब्द. मी वाचत असताना नानांनी एकदाही मान हलवली नाही. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "परत आणता येते का?"

"नाही, नाना."

"तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या इतक्या युक्त्या असतात."

"मेल परत येत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रागही आला. त्यांचा, त्या बटणवाल्याचा आणि आभाळाचा, जे आता गडगडायला लागलं होतं. गाद्या भिजल्या त्या भिजल्याच.

मग मला एक गोष्ट सुचली आणि मी नानांना ती सांगितली. मेलवर तारीख असते ती लिहिली त्या दिवसाची. म्हणजे भाऊजींच्या पेटीत ती वर येणार नाही, सहा वर्षांपूर्वीच्या ढिगात जाऊन बसेल. तेवढं खाली कोण जातंय?

"फोन वाजला असेल का पण? मेल आल्यावर वाजतो ना?"

"वाजला असेल. पण दिवसातून पन्नासदा वाजतो. प्रत्येक वेळी कोण बघतं?"

"आणि ती दुसरी आत्ता पाठवली तर?"

"तर ते विचारात पडतील, ही कशाबद्दल माफी म्हणून. आणि मागे शोधायला जातील."

नानांनी माउस माझ्याकडे सरकवला. मग त्यांनी पेटीतल्या बाकीच्या सगळ्या मेल एकेक करून काढायला लावल्या, माझ्या नावाच्या दोन धरून. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. ती शेवटची तेवढी ठेवली. संध्याकाळी भिंतीतलं सॉकेट दुरुस्त करून मी वायर परत लावली, पण प्रोग्रॅम दोघांनीही उघडला नाही.

शनिवारी भाऊजींचा फोन आला. दारात पायऱ्या किती आहेत, बाळाची गाडी चढेल का, एवढंच विचारलं. मी फोन ठेवायच्या आत नाना शेजारी येऊन उभे राहिले.

"आवाजात काही होतं का?"

"पायऱ्यांचं विचारत होते."

"पण आवाजात?"

होतं की नव्हतं, मला सांगता येईना. आमच्या ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं, ते निवांत पडदे धूत होते आणि शीळ घालत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला बजावत होते, पण ती मूठ आता आमच्या हातात नव्हती. रात्री कुठलाही फोन वाजला की नानांच्या खोलीतलं खोकणं थांबायचं.

रविवारी ते आले. जाऊबाईंच्या कडेवरून भाऊजींनी बाळाला घेतलं आणि नानांच्या मांडीवर ठेवलं. नानांनी तिच्या दोन्ही बाजूंनी हात धरले, पण ते तिला लावले नाहीत. बाळाने त्यांचा चष्मा ओढला. सगळे हसले. भाऊजीही हसले. दिवसभर ते हसतच होते. भावाची थट्टा केली, मला म्हणाले, "वहिनी, तुमचं दार अजून आपटतं वाटतं," आणि नानांना दोनदा वाढलं. माझ्या मनावरचं ओझं जेवणानंतर उतरायला लागलं. नाना तर झोपलेल्या बाळाजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि एखाद्या नव्या यंत्राचा आवाज ऐकावा तसं तिचा श्वास ऐकत होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भाऊजी नानांशी बोलताना त्यांच्याकडे बघत नव्हते. चष्म्याच्या जरा वर, कपाळाकडे बघत होते.

संध्याकाळी सामान दारात आलं. गाडी यायला थोडा वेळ होता. भाऊजींनी बाळाचा फोटो काढायला फोन उचलला आणि तो निघेना. जागा भरली होती.

"वहिनी, तुम्हीच बघा. नको ते काढून टाका."

मी फोन घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसले. जुने व्हिडिओ काढले. मग मेल उघडल्या, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या बोटांनी आधी नानांचंच नाव शोधलं. ती तिथे होती. सहा वर्षांपूर्वीची तारीख. न वाचलेली मेल ठळक दिसते, ही ठळक नव्हती. उघडून झालेली होती.

मी तारीख पुन्हा एकदा पाहिली. त्यांनी वाचली होती आणि तरी ते आले होते. दिवसभर हसले होते. नानांना दोनदा वाढलं होतं. आणि त्याच नावाखाली आणखी एक मेल दिसत होती. लिहिलेली, पण न पाठवलेली. नानांना. शुक्रवारच्या तारखेची. ती लांब होती, एवढं उघडल्याशिवायही कळत होतं. मी ती उघडली नाही.

मान वर केली तर भाऊजी समोर उभे होते, बाळाला खांद्यावर थोपटत.

"जुनी काढा, वहिनी," ते हळूच म्हणाले. "नवी राहू द्या."

"भाऊजी, ती चुकून गेली. नवीन आवृत्तीत बटणं..."

"गेली चुकून असेल. लिहिली चुकून नव्हती."

"तुमची कधी पाठवणार आहात?"

"बघू." तोच शब्द, नानांनी म्हटला होता तस्साच. खाण तशी माती. "सध्या राहू दे तिथे. मला बरं वाटतं ती तिथे आहे म्हणून." आणि ते बाळाला घेऊन बाहेर गेले.

मी भ्याले. भांडणाला मी भीत नाही, भांडण संपतं. पण हे सहा वर्षं इकडे पडून होतं आणि आता पुढची कितीतरी वर्षं तिकडे पडून राहणार होतं, आणि त्या खांद्यावरच्या पोरीने मोठेपणी तेच शिकायचं होतं. मी जुनी काढली. फोन त्यांच्या हातात दिला आणि तडक नानांच्या खोलीत गेले.

"नाना, त्यांनी वाचलीये."

नाना पलंगावर बसले होते. "कधी?"

"शुक्रवारीच."

"आणि तरी आला?"

"आले. उत्तर लिहून ठेवलंय. पाठवलेलं नाही."

नानांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. मुलाने वाचलं हे कळल्यावर त्यांचा चेहरा जेवढा उतरला नव्हता तेवढा हे ऐकून उतरला. बाहेर भाऊजी पायऱ्यांवरून बाळाची गाडी उतरवत होते आणि मोठ्याने काहीतरी सांगत होते, आमचे हे हसत होते.

"बाहेर जाऊन तोंडाने बोला ना," मी म्हणाले.

"ते मला येत असतं तर हे सगळं झालं असतं का?" ते उठले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. "सुरू कर."

प्रोग्रॅम उघडला. मधोमध चौकोन आला. नानांनी चष्मा वर सरकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य वाचलं, मोठ्याने, एकेक शब्द करत. "न पाठवलेला एक संदेश आहे. आता पाठवायचा?" मग दोन्ही बटणांकडे बघितलं. हात माउसवर होता. अक्षरं त्यांना नीट दिसत नसावीत.

"सूनबाई, होय कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे, नाना."

त्यांनी दाबलं. हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि नाहीशी झाली. आम्ही दोघं दाराकडे तोंड करून बसून राहिलो. बाहेर, पायऱ्यांवर, भाऊजींच्या खिशातला फोन वाजला, आणि त्यांचं चाललेलं बोलणं मध्येच थांबलं.